जपानहून आणलेल्या होंडाचा स्पीड लिमिटर: पंधरा महिने आणि एक तार

स्पीड लिमिटर, म्हणजे गाडीला ठरावीक वेगाच्या पुढे जाऊ न देणारी व्यवस्था, निकामी करायला मला प्रत्यक्षात चाळीस मिनिटे लागली, आणि त्यातलीही पंचवीस मिनिटे जुन्या प्लास्टिकचे खटके न मोडता फेअरिंग, म्हणजे गाडीचे बाहेरचे आवरण, उतरवण्यात गेली. त्या चाळीस मिनिटांपर्यंत पोहोचायला मात्र ९ फेब्रुवारी २०२४ पासून १ मार्च २०२५ पर्यंतचा काळ जावा लागला. लिमिटर खरोखर गेला आहे की नाही, हे कळायला त्यानंतर आणखी अडीच महिने गेले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि जुन्या जपानी मोटारसायकलच्या मोहात पडलेल्या कुणाला उपयोग होईल, म्हणून तारखा, खर्च आणि माझ्या चुका यांसह हे सगळे क्रमाने लिहून ठेवते आहे.

मी डर्बीला राहते. गाडी आहे होंडा व्हीएफआर ४०० आर, जिला या क्षेत्रातले लोक फ्रेमच्या सांकेतिक नावावरून एनसी ३० म्हणतात. ३९९ सीसीचे व्ही आकाराचे चार सिलिंडरांचे इंजिन, साखळीऐवजी दातेरी चक्रांवर फिरणारे कॅमशाफ्ट, मागचे चाक एकाच बाजूने धरणारा स्विंगआर्म आणि मिनिटाला साडेचौदा हजार फेऱ्यांवर सुरू होणारी लाल रेघ, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. ताकद ५९ पीएस, म्हणजे अश्वशक्तीच्या मेट्रिक मापात. हा आकडा तिच्या इंजिनाची मर्यादा नव्हता. त्या काळात जपानी कंपन्यांनी आपसांत आणि सरकारच्या इशाऱ्यावरून ठरवून घेतलेली ती मर्यादा होती. ४०० सीसीला ५९, २५० सीसीला ४५, आणि वेग कुठल्याही मोटारसायकलचा असो, ताशी १८० किलोमीटरच्या पुढे जायचे नाही. जपानीत याला ‘जिशु किसेइ’ म्हणतात, म्हणजे स्वतःहून घातलेले बंधन. ताकदीची बंधने २००७ साली उठली, पण १९९० साली बाहेर पडलेल्या माझ्या गाडीच्या पोटात १८० चे कुलूप तसेच राहिले.

महाराष्ट्रात ट्रक आणि टॅक्सीवाल्यांमुळे ‘स्पीड गव्हर्नर’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याच्याविषयी प्रेमाने बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या घरी तर या विषयाला आणखी एक पदर आहे. बाबांकडे कोल्हापुरात राजदूत ३५० होती. यामाहाच्या जपानी आरडी ३५० ची भारतात बनलेली ही आवृत्ती, आणि तीही मूळ ताकद कमी करून विकलेली. त्यातही ‘एचटी’ आणि ‘एलटी’ असे दोन प्रकार होते आणि बाबांची एलटी, म्हणजे दोन्हींतली मवाळ. “कंपनीनं गळा आवळून दिलेली गाडी,” असे ते तिच्याबद्दल म्हणत. इंग्लंडच्या मोटारवेवर कमाल वेग ७० मैल आहे, म्हणजे ११३ किलोमीटर. १८० चे कुलूप रस्त्यावर मला कधीच लागणार नव्हते. तरीही ते काढावेसे वाटले, याचे खरे कारण बाबांच्या त्या वाक्यात आहे; बाकी कारणे मी नंतर जुळवली.

गाडी जपानहूनच का आणायची, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तीस हिवाळे मिठात भिजलेल्या गाडीचे नट-बोल्ट उघडण्यापेक्षा नव्याने ओतून घेणे सोपे पडावे, अशी त्यांची अवस्था होते. जपानमध्ये वाढलेल्या गाड्या त्या मानाने कोरड्या निघतात. मी तिथल्या एका निर्यातदारामार्फत लिलावातून गाडी घेतली. लिलावाच्या कागदावर इंजिन, पुढचा भाग, फ्रेम, विद्युत यंत्रणा यांना वेगवेगळे गुण दिलेले असतात. फक्त एकूण गुण पाहून भुलू नये, विद्युत यंत्रणेचा गुण वेगळा पाहावा, कारण पुढे लिमिटरच्या कामात आपला संबंध तिच्याशीच येतो. सगळे मिळून ७,८०,००० येन, म्हणजे त्या दिवशीच्या दराने सुमारे ४,१५० पौंड. पेटी आणि जहाजाचे भाडे ८७० पौंड वेगळे.

जहाज १ मार्च २०२४ ला योकोहामाहून निघाले. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे त्या वर्षी बहुतेक जहाजे सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालून येत होती, आणि माझी होंडाही केप ऑफ गुड होपवरून आली. ६ मेला साउथॅम्प्टन. या सहासष्ट दिवसांत मी रोज रात्री जहाजाचे ठिकाण नकाशावर पाहत असे, ज्याचा उपयोग शून्य होता. त्या वेळात कागदपत्रे तपासली असती, तर पुढचा एक धक्का आधीच टळला असता.

तो धक्का जकातीचा. मोटारसायकलवर साधारणपणे सहा टक्के आयात शुल्क आणि त्या सगळ्यावर वीस टक्के व्हॅट लागतो. माल सोडवून देणाऱ्या दलालाने मला १,३६५ पौंडांचा अंदाज पाठवला आणि दोन दिवसांत पैसे भरा, नाहीतर गोदामाचे भाडे सुरू होईल, असे खाली लिहिले. सुदैवाने मी दुसऱ्या एका गाडीवाल्याशी बोलले. तीस वर्षांहून जुने, मूळ स्थितीतले आणि आता उत्पादन बंद झालेले वाहन ऐतिहासिक संग्रहाच्या वस्तूंखाली, म्हणजे ९७०५ या शीर्षकाखाली दाखवता येते. त्यावर शुल्क शून्य आणि व्हॅट फक्त पाच टक्के. दलालाला हे माहीत नव्हते असे नाही, त्याने ते विचारल्याशिवाय सांगितले नाही, एवढेच. मी गाडीचे सर्व बाजूंनी काढलेले फोटो, फ्रेम नंबरचा फोटो आणि निर्यात दाखला पाठवला. तीन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी १,३६५ च्या जागी २५१ पौंड भरून १० मेला गाडी सुटली. मूळ स्थितीतली असणे ही यातली अट आहे, आणि इंजिन, फ्रेम, ब्रेक, सस्पेन्शन यांत मोठे बदल चालत नाहीत. म्हणून कुठलीही खटपट करायची असेल, तर ती गाडी घरी आल्यावर करावी. जपानमधल्या विक्रेत्याला “तुम्हीच लिमिटर काढून पाठवा” असे सांगण्याचा माझा मूळ बेत होता, तो मी वेळेवर सोडला हे बरे झाले.

निर्यात दाखल्याची एक गंमत सांगते. त्यावर पहिल्या नोंदणीचे वर्ष ‘हेइसेइ २’ असे असते. सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षे मोजण्याची ही पद्धत, आणि हेइसेइमध्ये १९८८ मिळवले की इसवी सन मिळतो. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात काही अवघड वाटू नये. इथल्या नोंदणी कार्यालयाला मात्र इंग्रजी भाषांतर लागते; निर्यातदाराकडून ते शिक्क्यासह आधीच मागून घ्यावे. माझ्या गाडीची पहिली नोंदणी ऑक्टोबर १९९० ची, म्हणजे ब्रिटिश पद्धतीने ‘एच’ अक्षराची नंबर प्लेट.

गाडी देशात आल्यापासून चौदा दिवसांच्या आत महसूल खात्याला ‘नोव्हा’ नावाची सूचना द्यावी लागते. ती ऑनलाइन देता येते आणि तिच्यावाचून पुढची नोंदणी होत नाही. मी १२ मेला दिली. दहा वर्षांहून जुनी गाडी असल्यामुळे ‘एमएसव्हीए’ ही मोठी तपासणी लागत नाही, पण एमओटी ही गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणारी वार्षिक तपासणी लागतेच. नोंदणी नसलेली गाडी फ्रेम नंबरवर एमओटीला नेता येते. मात्र वेळ आधी ठरवलेली हवी आणि विमा हवा. विम्याच्या संकेतस्थळांना सतरा अक्षरांचा क्रमांक हवा असतो आणि जुन्या जपानी गाडीचा फ्रेम नंबर त्यापेक्षा बराच लहान असतो, त्यामुळे संगणक प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवतो. सरळ फोन करावा आणि “आयात केलेली, फ्रेम नंबरवर विमा” असे पहिल्याच वाक्यात सांगावे. मला तिसऱ्या कंपनीने विमा दिला. परवान्याबद्दल एक ओळ: ५९ पीएस म्हणजे ४३ किलोवॉटच्या वर, आणि ए २ परवान्याची मर्यादा ३५ किलोवॉट आहे, म्हणजे पूर्ण ‘ए’ परवाना हवाच. भारतीय परवाना इथे बदलून मिळत नाही. थिअरी, मग मॉड्यूल एक, मग मॉड्यूल दोन, या इथल्या परवान्याच्या सगळ्या परीक्षा मी २०२१ सालीच उरकल्या होत्या.

१७ मेला पेटी घरी आली. लाकडी फळ्या काढल्यावर पहिल्यांदा नजर गेली ती टायरवर. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. माझ्या मागच्या टायरवर ०७११ होते, म्हणजे २०११ सालचा सातवा आठवडा. रबर अजून काळेभोर दिसत होते, पण नख दाबले तर उमटत नव्हते. टायरवर वेगाचे अक्षरही असते, आणि तेही आपल्या विषयाशी जुळणारे: ‘एस’ म्हणजे १८० किलोमीटरपर्यंत, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०. लिमिटर काढायचा आणि टायर जुने ठेवायचे, याला काही अर्थ नाही. या गाडीचे मागचे चाक अठरा इंची आहे आणि १५०/६० या मापाचे टायर आता फार थोडे बनतात. दुकानाने तीन आठवडे थांबवले. दोन्ही टायर बसवून २७० पौंड. त्याशिवाय ब्रेकच्या रबरी नळ्या बदलून स्टीलच्या जाळीच्या घेतल्या, कॅलिपरची सीले बदलली, ब्रेकचे तेल बदलले. आणखी १८५ पौंड. चारही कार्बोरेटर उतरवून साफ करायला दोन शनिवार-रविवार गेले. शेजारचे एक निवृत्त आजोबा, ज्यांनी आयुष्यभर विमानांच्या इंजिनांचे काम केले, ते खुर्ची टाकून बसत आणि मी चुकीचा स्क्रू धरला की खाकरत.

स्पीडोमीटरची तबकडी किलोमीटरमध्ये होती; इथे मैल दिसणे आवश्यक आहे. काटा आणि यंत्र तेच ठेवून वरची छापील तबकडी बदलता येते. ३५ पौंड. मूळ तबकडी १८० किलोमीटरवर संपत होती, म्हणून नवीही ११० मैलांच्या थोडी पुढे संपते. काटा उपटताना तो शून्यावर नेमका कुठे टेकला होता, याची खूण पेन्सिलने आधी करून ठेवावी. मी केली नव्हती आणि मग मोबाइलवरच्या उपग्रही वेगाशी ताडून तीनदा काटा काढून पुन्हा बसवावा लागला.

२९ जूनला एमओटी झाली, २९ पौंड ६५ पेन्स. २ जुलैला मी नोंदणीचा व्ही ५५/५ हा अर्ज, निर्यात दाखला, त्याचे भाषांतर, नोव्हाचा क्रमांक, ओळखपत्राची प्रत आणि ५५ पौंडांचा धनादेश, असे सगळे स्वान्सीला डीव्हीएलए या वाहन नोंदणीच्या सरकारी कार्यालयाकडे पाठवले. २६ जुलैला पूर्ण लिफाफा परत. नोंदणीची फी ५५ पौंड होती, आणि त्या वर्षी १५१ ते ४०० सीसी गाडीचा वर्षाचा रस्ताकरही नेमका ५५ पौंड होता. दोन्ही ठिकाणी तोच आकडा दिसल्यामुळे मी एकच रक्कम दोनदा लिहिली आहे असे समजले होते. हवे होते ११०. चूक सर्वस्वी माझी, आणि तिची किंमत चार आठवडे. नवा धनादेश लावून ३० जुलैला पुन्हा पाठवले आणि १२ सप्टेंबरला नोंदणीपत्र हातात आले. निर्यात दाखला मूळ प्रतीतच पाठवावा लागतो. पाठवण्यापूर्वी त्याची दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवावी आणि टपाल नोंदणीकृत करावे, कारण तो एकदा हरवला तर जपानहून दुसरा मिळवणे हे स्वतंत्र प्रकरण होऊन बसते.

आता लिमिटर. तो काढण्यापूर्वी तो चालतो कसा हे मला अनुभवायचे होते, म्हणून ऑक्टोबरमध्ये मी यॉर्कजवळच्या एल्विंग्टनला गेले. दुसऱ्या महायुद्धात इथे बॉम्बर विमानांचा तळ होता. तीन किलोमीटरहून थोडी लांब धावपट्टी अजून शाबूत आहे आणि तिथे वेगाच्या चाचण्यांचे दिवस भरतात. कातडी सूट, एसीयू या ब्रिटिश मोटारसायकल संघटनेचा सोन्याच्या रंगाचा शिक्का असलेले हेल्मेट, बूट, हातमोजे हे सगळे तपासून आत सोडतात. विमा अशा ठिकाणी लागू नसतो, हे आधी वाचून घ्यावे. मी वाचले होते आणि तरी पोटात गोळा होता.

सहाव्या गिअरमध्ये काटा तबकडीच्या शेवटाला टेकला, आणि पुढच्या क्षणी इंजिन अडखळले. घसरले नाही, बंद पडले नाही, फक्त कुणीतरी मागून सीट धरून खेचावी तसा एक झटका, मग पुन्हा ओढ, पुन्हा झटका. लाल रेघेपर्यंत टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या तबकडीच्या, काट्याला अजून बरीच जागा होती. पेट्रोल संपत आल्यावर गाडी करते तसेच हे वाटते, आणि ज्याला माहीत नाही तो घाबरून टाकी तपासेल. वेळ मोजणाऱ्यांनी दिलेल्या चिठ्ठीवर ११०.४ मैल होते. १८० किलोमीटर म्हणजे ११२ मैलांना किंचित कमी. चौतीस वर्षांच्या यंत्राने ठरलेल्या जागी इतक्या जवळ कुलूप लावले, याबद्दल होंडाच्या माणसांना मनातल्या मनात नमस्कार केला.

त्याची रचना साधी आहे. पुढच्या चाकापासून येणारी केबल स्पीडोमीटरच्या आत फिरते. जपानी बाजारासाठी बनलेल्या स्पीडोमीटरमध्ये त्या फिरणाऱ्या भागाशेजारी एक छोटा संवेदक बसवलेला असतो. तो दर फेऱ्याला विजेचे ठोके तयार करतो. हे ठोके एका तारेने इग्निशनच्या डब्यापर्यंत जातात. डबा ते मोजतो आणि ठरावीक वेगाच्या पुढे ठिणगी तोडतो. म्हणजे डब्याला ठोके पोहोचलेच नाहीत, तर त्याच्या दृष्टीने गाडी उभीच आहे. या गाडीत एवढ्यावर काम भागते. सगळ्याच गाड्यांत भागत नाही: नंतरच्या काळातल्या काही इंजिनांचा डबा ठोके थांबले की संवेदक बिघडला असे समजून स्वतःच ताकद कमी करतो, आणि तिथे खोटे ठोके पाठवणारी वेगळी डबी लावावी लागते. जपानमध्ये अशा डब्या ‘लिमिटर कट’ नावाने विकल्या जातात. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे आधी पाहावे.

तारेचा रंग मी मुद्दाम लिहीत नाही. वर्ष आणि आवृत्तीप्रमाणे तारांचे रंग बदलतात, आणि शिवाय चौतीस वर्षांत मधल्या कुणी काय जोडले असेल ते सांगता येत नाही. आपल्या फ्रेम नंबराला लागू असणाऱ्या सर्व्हिस मॅन्युअलचा वायरिंगचा नकाशा समोर ठेवूनच काम करावे. मी तो मोठ्या कागदावर छापून घेतला आणि स्पीडोमीटरपासून निघणाऱ्या प्रत्येक तारेवर रंगीत पेन्सिलीने रेघ ओढली. हिवाळाभर तो कागद स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर होता.

काम १ मार्च २०२५ ला, शनिवारी सकाळी केले. गॅरेजमध्ये थंडी होती आणि जुने प्लास्टिक थंडीत काचेसारखे तुटते. म्हणून फेअरिंगच्या खटक्यांवर आधी केस वाळवण्याचे यंत्र फिरवले. तरी फेअरिंग अडकवण्याचा एक कान तुटलाच, “टक्” असा अगदी बारीक आवाज करून, आणि तो तुकडा इंजिनाच्या पोटात कुठेतरी जाऊन बसला. शेजारचे आजोबा आवाजावरूनच म्हणाले, “डावीकडचा ना?” डावीकडचाच होता.

बॅटरीची ऋण बाजू सोडली. स्पीडोमीटरच्या मागे रबरी टोपीखाली कनेक्टरांचा घोस असतो. त्यातला तीन तारांचा छोटा कनेक्टर मला हवा होता. तार कापायची नाही हे मी आधीच ठरवले होते. कापलेली तार पुन्हा जोडली तरी जोड राहतो, आणि उद्या गाडी विकायची झाली तर घेणाऱ्याला मूळ स्थितीत करून देता आली पाहिजे. कनेक्टरच्या तोंडातून प्रत्येक तारेची पितळी टोके एका बारीक जिभेने अडकवलेली असतात. घड्याळजीच्या पेचकसाने ती जीभ दाबली की टोक मागून अलगद ओढून काढता येते. मी दाबली, ओढले, टोक बाहेर आले. त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवली, बॅटरी जोडली आणि गाडी सुरू केली. टॅकोमीटरचा काटा शून्यावर गप्प पडून होता. शेजारच्या कनेक्टरमधली तार काढली होती मी. नकाशावर पंधरा वेळा रेघ ओढलेली असूनही, डोके खाली आणि टॉर्च दातांत अशा स्थितीत, एक कनेक्टर चुकला.

बॅटरी पुन्हा सोडली, ते टोक जागच्या जागी बसवले आणि या वेळी आधी मोजून पाहिले. स्पीडोमीटरची केबल चाकाच्या बाजूने सोडवून बोटांनी फिरवायची, आणि संशयित तारेवर मल्टीमीटर धरायचा. केबल फिरते तसा आकडा वर-खाली होऊ लागला, थांबवली की थांबला. हीच ती. हे मोजमाप मी सुरुवातीलाच केले असते तर दहा मिनिटे वाचली असती. दुसऱ्या वेळी टोक काढल्यावर टॅकोमीटर ठीक, दिवे ठीक, इंडिकेटर ठीक, आणि स्पीडोमीटरचा काटाही ठीक, कारण तो केबलवर चालतो, त्या तारेवर नाही. काढलेल्या टोकाला नळी चढवून वर कागदाची चिठ्ठी बांधली: ‘लिमिटर, मधल्या घरात परत’. कामाचा खर्च: नळीचे पाकीट ४ पौंड आणि तुटलेल्या कानासाठी दोन घटकांचा गोंद ७ पौंड.

सोमवारी विमा कंपनीला फोन केला. गाडीत केलेला प्रत्येक बदल कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास अपघाताच्या वेळी सगळा विमाच फोल ठरू शकतो, तेव्हा हा फोन टाळू नये. पलीकडच्या बाईंच्या संगणकात बदलांची यादी होती, पण तीत ‘लिमिटर काढला’ हा प्रकार नव्हता. त्यांनी विचारले, “म्हणजे इंजिनाची ताकद वाढवली का?” मी म्हटले, नाही. “मग गाडी पूर्वीपेक्षा वेगाने जाते का?” हो. “पण ताकद तीच?” हो. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग वरिष्ठांना विचारून आल्या. ३८ पौंड जास्त आणि बदलाची लेखी नोंद पॉलिसीवर. ती लेखी नोंद ईमेलने मागून घेतली. फोनवरचे बोलणे पुरावा म्हणून चालत नाही, हे मला इथल्या घरमालकाने काही वर्षांपूर्वी शिकवले होते.

मे महिन्यात पुन्हा एल्विंग्टन. हवा शांत, आकाश ढगाळ, मागच्या टायरमध्ये हवा थंड असतानाच मोजलेली. पहिल्या धावेत मी घाबरून अकरा हजारांवरच थ्रॉटल सोडला. जिथे पूर्वी झटका बसत असे तिथे हाताने आधीच माघार घेतली. दुसऱ्या धावेत टाकीवर छाती टेकवून, हनुवटी इतकी खाली की हेल्मेट टाकीला लागत होते, मी मोजत राहिले. काटा शेवटच्या आकड्याच्या पलीकडे गेला, जिथे तबकडीवर काही छापलेलेच नाही, आणि झटका आला नाही. इंजिनाचा आवाज मात्र बदलला, खर्जातून वर चढत एका सुरावर स्थिरावला. ब्रेक लावायची खूण आली तेव्हा दोन बोटांनी लीव्हर दाबताना पहिल्यांदा त्या स्टीलच्या जाळीच्या नळ्यांचे १८५ पौंड वसूल झाल्यासारखे वाटले. चिठ्ठीवर १२३.८ मैल, म्हणजे ताशी १९९ किलोमीटर.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आकडा सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

“आणि थांबायला किती लागलं, पोरी?”

“निम्मी धावपट्टी उरली होती, बाबा.”

“मग ठीक आहे. चिठ्ठीचा फोटो पाठव. नीट, सरळ धरून काढ.”

तबकडी छापून देणाऱ्याकडे १५० मैलांपर्यंतची नवी तबकडीही मिळते, ३५ पौंडांतच. ती मी मागवलेली नाही, कारण काटा चौथ्यांदा उपटण्याची माझी तयारी नाही. एप्रिल २०२५ पासून रस्ताकर ५५ वरून ५७ झाला, तेव्हा त्या वर्षी नव्याने नोंदणी करणाऱ्यांना धनादेश ११२ चा लिहावा लागला. माझी एमओटी २८ जूनला संपते आणि २१ जूनची वेळ घेतली आहे. तोवर डावीकडच्या कानाचा गोंद टिकला पाहिजे.